बनगरवाडी वाचताना : तात्पर्य बाजूला ठेवा, देणं-घेणं मांडा

ग्रंथकपाट, सांगली

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचनकट्ट्यावर घेतली की चर्चा हमखास तीन वाक्यांत आटपते. मास्तर ध्येयवेडा, गाव भोळं, दुष्काळ वाईट. माणदेशात, म्हणजे सातारा-सांगलीकडच्या दुष्काळी मुलखात, धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला आलेल्या मास्तरांची ही गोष्ट. १९५५ सालच्या या कादंबरीतून एवढंच घ्यायचं असेल तर पुस्तक उघडायची गरज नाही, मलपृष्ठ पुरे.

म्हणून इथं वाचायची एक पद्धत मांडतोय. पुस्तक लहान, दीडशे पानांच्या आतबाहेर. एका बैठकीत संपतं आणि घोटाळा तिथंच होतो. भाषा इतकी सरळ की वाचक घसरत शेवटाला पोचतो आणि हाताला नुसती हळहळ लागते. त्यापेक्षा चार बैठका कराव्यात. पहिली, मास्तर राजाराम विठ्ठल सौंदणीकर वाडीत येतात तिथपासून शाळेत पोरं बसू लागेपर्यंत. दुसरी, गावातली माणसं आणि त्यांची मास्तरांकडची कामं. तिसरी तालमीची, चौथी दुष्काळाची. दर बैठकीला एक आडवा कागद घ्यायचा आणि त्यावर तीन रकाने पाडायचे.

पहिल्या रकान्यात कोणी कोणाच्या हाती काय दिलं ते. पैसा, धान्य, काम, गुपित, शब्द, सगळं धरायचं. दुसऱ्यात त्या वेळी तिथं तिसरं कोण हजर होतं. तिसऱ्यात पाऊस-पाणी कुठवर आलंय.

गंमत दुसऱ्या रकान्यात आहे. पुष्कळ ठिकाणी तो कोरा राहतो, आणि जिथं कोरा राहिला तिथं पुढं काहीतरी तुंबतं. वाडीतली पोर अंजी मास्तरांकडं चोळी शिवून आणायचं काम देते, तिथं तिसरं माणूस नाही. म्हातारा रामा बनगर जुने चांदीचे रुपये बदलून आणायला देतो, तिथं नाही. तालमीचं काम मात्र सगळ्या वाडीदेखत चालतं. भोळेपणा नि ध्येयवादापेक्षा मला हा धागा जास्त कामाचा वाटतो: विश्वास मनात असून भागत नाही, चारचौघांत ठेवावा लागतो.

मेंढरं, शाळा, चांदीचे रुपये, दगडमातीचं बांधकाम, औंध संस्थान यातलं ज्यांना कळतं त्यांनी इथंच खाली भर घालावी. ‘अप्रतिम कादंबरी, डोळ्यांत पाणी आलं’ असले प्रतिसाद दुसरीकडं चालतील.


खडूफळा

शाळेपासून सुरू करतो. वाडीत मास्तर येतो आणि पोरं येत नाहीत, हे वाचून लोक म्हणतात की लोकांना शिक्षणाचं महत्त्व नव्हतं. हे वरवरचं झालं. आठ-दहा वर्षांच्या पोराचं घरात ठरलेलं काम असतं आणि ते काम दुसरं कोणी करणार नसतं. शाळेशी भांडण कोणाचंच नाही, कोकरामागं कोण जाणार हा प्रश्न आहे. कादंबरीतला मास्तर भाषण देत बसत नाही. कारभाऱ्याला धरतो, घराघरात जातो, लोकांची पत्रं लिहितो, त्यांची बाजारातली कामं करतो. शाळा त्यातून भरते.

यावर आजचे शिक्षक पटकन म्हणतात, म्हणजे अशैक्षणिक कामं कराच की! दोन्हीत फरक आहे. आजची ती कामं वरून आदेशानं येतात आणि त्यांनी गाव जवळ येत नाही. मास्तरांची कामं खालून, माणसाच्या तोंडून येतात. ज्याचं पत्र तुम्ही लिहिलंत तो पोराला पाठवतो. शिक्षणसेवक म्हणून नव्या गावात रुजू होणाऱ्यानं पहिल्या महिन्यात यादी करावी की कुठल्या घराला कशाची नड आहे. जातीचा दाखला, पीकविम्याचा अर्ज, बँकेतली आधार जोडणी. त्यातली दोन-तीन कामं मनावर घेतली तरी हजेरीपटात दिसतं. सगळी घेतली तर वर्गच होत नाही, म्हणून दिवस ठरवावा. शाळा सुटल्यावर, आठवड्यातून एकदा, ओट्यावर बसून, उघड्यावर.

एकशिक्षकी शाळा चालवणं हा स्वतंत्र विषय. चार इयत्ता, वीस-पंचवीस मुलं, एक माणूस. नेहमीची चूक ही की मास्तर चार इयत्तांना चार वेगळे तास देतो. एका वेळी एक वर्ग शिकतो, तीन भिंतीकडं बघत बसतात. त्यापेक्षा पहिली चाळीस मिनिटं सगळे एकत्र: गोष्ट, पाढे, गाणी. मग इयत्ता मोडून पातळीनं तीन गट. एका गटाजवळ मास्तर, दुसऱ्याला लेखी काम, तिसऱ्या गटात चौथीची पोरं पहिलीच्यांना वाचून दाखवतात. वीस मिनिटांनी गट फिरवायचे. लेखी काम आदल्या संध्याकाळी फळ्यावर लिहून ठेवलेलं नसेल तर हे सगळं दहा मिनिटांत कोसळतं. आता शिक्षण हक्क कायद्यानं साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेलाही दोन शिक्षक हवेत, पण एक रजेवर किंवा प्रशिक्षणाला गेला की वाडी पुन्हा एकशिक्षकीच.

स्थलांतराचं शेवटच्या भागात येतं, ते नंतर लिहितो.


जतचा मेंढका

खडूफळा सर, कोकरामागं पोर का लागतंय ते सांगतो, म्हणजे वाचताना कळंल.

मेंढी पाच महिन्यांनी विते. दिवाळीच्या पुढंमागं वेत जास्त. कोकरू पहिल्या दिवसांत खांडव्यासंगं, म्हंजे कळपासंगं, चालू शकत न्हाई, मेंढरं दिसाला सात-आठ मैल चालत्यात. म्हणून कोकरं वाड्यावर, म्हंजे मेंढक्यांच्या तळावर, डालग्याखाली (मोठी टोपली) न्हाईतर वाघरीत (जाळ्याचं कुंपण) राहत्यात. जरा मोठी झाली की जवळपास पाल्यावर फिरवायची, आणि आईपासनं लांब ठेवायची, न्हाईतर दिवसभर पीत बसत्यात. हे काम गड्याला द्यायचं म्हंजे गडी वाया. म्हातारं नजरंला कमी. राहिलं कोण? पोरगं. त्यामुळं ज्या महिन्यात शाळा रंगात आलेली असती त्याच महिन्यात पोरगं गायब. शाळा सकाळी लवकर धरून नऊ-साडेनऊला सोडली तर दोन्ही जमतंय. मेंढरं दंव उडाल्याबिगर सोडत न्हाईत, वलं गवत खाल्लं की पोट बिघडतंय.

दुसरं, त्यातली माणसं मेंढरं मोजत बसत न्हाईत हे बघा. शंभराचा खांडवा असला तरी मेंढका तोंडं वळखतो, आकडा धरत न्हाई. एक कमी असलं तर ‘नव्व्याण्णव’ म्हणत न्हाई, ‘भुरी दिसंना’ म्हणतो. मास्तरांना हे शिकाय वेळ लागतोय. हजेरीपट घिऊन बसला की पोरं आकडा हुत्यात.

आता धडा म्हणाल तर इकायचा. दुष्काळ दिसाय लागला की पयले नर काढायचे, मग वांझ नि दात पडलेल्या मेंढ्या. तरणी मेंढी शेवटाला. सगळ्यांस्नी हे म्हाईत हाय, तरी माणूस चुकतो ते येळंला. पाऊस येईल म्हणून थांबतो, आणि इकायला जातो तवा आटपाडीच्या बाजारात सगळा मुलूख मेंढरं घिऊन आलेला असतो. भाव पडलेला, मेंढराच्या अंगावर मांस न्हाई. आर्धी आधी इकली असती तर त्या पैशात आर्धी जगली असती. कादंबरीचा शेवट वाचताना कोण कधी गेलं ते बघा. सगळी एका दिशी न्हाई जात.


गलाई नाका, विटा

रामाच्या रुपयांबद्दल. हा भाग वाचताना तरुण वाचकाला वाटतं की म्हातारा माणूस उगाच जुनी नाणी बदलायच्या मागं लागलाय. तसं नव्हतं.

राणीछाप म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या तोंडाचा रुपया. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. चांदी अकरा-बारांश, म्हणजे शेकडा ९१.६७. एका रुपयात शुद्ध चांदी साधारण १०.६९ ग्रॅम. महायुद्धात चांदी महागली, सरकारला नाण्यातली चांदी परवडेना. १९४० साली निम्म्याच चांदीचा रुपया काढला आणि १९४१ मध्ये राणीछाप व्यवहारातून बाद केला. गाडग्यात पुरलेला रुपया एका आदेशानं बाजारात चालेनासा झाला. ज्याला वाचता येत नाही त्याला हे कळणार कोणाकडून? मास्तराकडून. आणि बदलून आणणार कोण? तालुक्याला जाणारा मास्तरच. रामाची घाई तिथून येते.

खरं तर बाद झालेलं नाणं धातू म्हणून बाद होत नाही. शंभर राणीछाप म्हणजे १,१६६ ग्रॅम वजन, त्यात शुद्ध चांदी १,०६९ ग्रॅम. आमच्या भागातली माणसं देशभर गलाईची दुकानं घालून बसलीत, सोनं-चांदी गाळणं हा खानापूर-आटपाडीचा दुष्काळावरचा दुसरा उतारा. आजही घरात असे रुपये निघाले तर सरळ मोडीत देऊ नका. आधी एकेक वजन करा. झिजलेलं नाणं ११ ग्रॅमच्या खाली उतरतं, ते वेगळं ठेवा. मग आवाज, मग कसोटी. साल बघा: १९४० ते १९४५ सालच्या रुपयात चांदी निम्मीच आहे आणि तो जुन्यात मिसळून एकाच भावानं विकला तर एकाचं नुकसान ठरलेलं.

आता मुद्द्यावर. त्या रुपयांचं पुढं काय होतं ते सांगत नाही, ज्यांनी वाचलं नाही त्यांचा रस जाईल. पण दुसऱ्याचे पैसे हाती घेताना काय करावं याची यादी त्या प्रसंगावरून पाडता येते. देणाऱ्यासमोर मोजायचे, आणि मोजणी त्याच्याच तोंडून वदवायची. दोन माणसं हजर ठेवायची, त्यातलं एक त्याच्या बाजूचं. कागदावर रक्कम, नाण्याचा प्रकार, तारीख, दोन अंगठे. रात्रभर आपल्याकडं ठेवायचे नाहीत. ज्या दिवशी तालुक्याला जायचं त्याच सकाळी घ्यायचे. परत देताना तेच दोघे हजर. ‘आपल्यातलाच माणूस, कागद कशाला’ म्हणणारा भला असतो, पण पैसे गेले तर संशय पहिला तुमच्यावर आणि दुसरा गावातल्या सगळ्यात गरीब माणसावर जातो. ज्याच्या जातीवर आधीच चोरीचा शिक्का आहे त्याच्यावर तर विचारायलाच नको. कागद तुम्हाला वाचवतो त्याहून जास्त त्याला वाचवतो.

आजचं रूप सांगायचं तर म्हातारी माणसं पेन्शन काढायला एटीएम कार्ड आणि पिन ओळखीच्या पोराकडं देतात. पोरानं पिन घेऊच नये. सोबत जावं, आकडे म्हातारीलाच दाबू द्यावेत, पावती तिच्या पिशवीत टाकावी.


कृष्णाकाठची

गलाई नाका यांचं म्हणणं पटलं, आणि तेच अंजीच्या चोळीला लावा. मास्तरांच्या मनात काही नाही. पोरीच्या मनात असलं तरी तिनं मागितलंय ते शिवणकाम. तरी बोभाटा होतो आणि कारभाऱ्याचं मन फिरतं. वाचकांपैकी बाईमाणसं इथं मास्तरांवर जास्त चिडतात असा अनुभव आहे आणि मला ते बरोबर वाटतं. गावाची जीभ कशी चालते हे त्या वेळपर्यंत त्याला कळायला हवं होतं. बोभाटा झाला की त्याला फार तर बदली मागता येते, तिला कुठं जाता येतं?

अंगणवाडी, आशा, बचतगट या कामात असलेल्या मुलींना हे प्रकरण वाचायला द्यावं. पुरुष सहकाऱ्याकडून काही मागवायचं असेल तर घरातल्या मोठ्या बाईच्या तोंडून मागवायचं. आणि पुरुषानं कोणाचं काम केलं तर वस्तू अंगणात, सगळ्यांसमोर, पैशाचा हिशोब मोठ्यानं सांगत द्यायची. लपवून केलेला उपकार गावात उपकार राहत नाही.


करडई

मी या कादंबरीचा भक्त नाही. ठाम मत: तालीम बांधणं चूक होतं. दुष्काळी मुलखात गावाची अंगमेहनत एकदा गोळा होते, ती विहिरीला लावायची की कुस्त्यांना? पुढं दुष्काळ आला तेव्हा त्या भिंतींनी कोणाला पाणी पाजलं? मास्तरांच्या ध्येयवादाचं कौतुक करणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. चांगल्या हेतूनं चुकीचं काम निवडणं हाच मला यातला धडा दिसतो.


माळवद

करडई, आकडे मांडू. कादंबरीतल्या तालमीचं माप मी सांगत नाहीये, त्या भागात दगडमातीची खोली कशी बांधतात तो हिशोब आहे.

आतून २० बाय १५ फुटांची खोली, भिंत दोन फूट जाड, नऊ फूट उंच. भिंतींची मध्यरेषा धरून लांबी ७८ फूट. ७८ गुणिले २ गुणिले ९ म्हणजे १,४०४ घनफूट, चौदा ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). दार-झरोक्याचा अर्धा ब्रास वजा. माळावरचा दगड फुकट, फक्त आणायचा. कच्च्या वाटेनं बैलगाडीत आठ-दहा क्विंटल बसतो, ब्रासला पाच खेपा, म्हणजे एकूण सत्तरच्या आसपास. वाडीत सात गाड्या निघाल्या तर दहा-दहा खेपा. खळी उरकल्यावर, म्हणजे फाल्गुन-चैत्रात सुरू केलं तर मृगाच्या आत भिंती उभ्या राहतात.

आता विहीर. माणदेशात २० फूट व्यासाची, ३५ फूट खोल धरा. जवळजवळ ११,००० घनफूट, ११० ब्रास. आठपट. वरचे आठ-दहा फूट माती-मुरूम, ते पहारीनं निघेल. खाली काळा पाषाण, त्याला सुरुंग, सुरुंगाला पैसा आणि परवाना. एवढं करून पाणी लागेलच असं नाही. आणि लागलं तर ती विहीर कोणाच्या रानात? त्या रानाचा मालक राजा, बाकीचे पोहऱ्याचे धनी. पहिल्याच सामायिक कामात असलं भांडण लावलं की गाव पुन्हा दहा वर्षं एकत्र येत नाही.

श्रमदानाचं पहिलं काम निवडताना तीन गोष्टी बघायच्या. एका हंगामात संपलं पाहिजे. बाहेरचा पैसा कमीत कमी लागला पाहिजे. आणि कोणाच्या एकाच्या मालकीचं होता कामा नये. तालीम तिन्हींत बसते. शाळेची इमारत म्हटली असती तर लोक म्हणाले असते, सरकार बांधेल. देऊळ म्हटलं असतं तर कोणाचा देव, हा प्रश्न.

अडचण लाकडाची. माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, तुळया, त्यावर वासे, वर किलचं, म्हणजे लाकडाच्या बारीक फोडी, त्यावर लिंबाचा पाला, मग चिखलाचा थर आणि सर्वांत वर पांढरी खारी माती. पाला वाळवी लांब ठेवतो. मातीचे थर मिळून सहा इंच धरले तरी ३०० चौरस फुटांवर दीड ब्रास माती, सात टनांच्या घरात वजन. ते कायम डोक्यावर, पावसात भिजल्यावर आणखी. तुळई कमी जाडीची घातली की मधे झोळ पडतो, झोळात पाणी साठतं, आणि तिथूनच गळती. उतार पाच फुटाला किमान एक इंच पन्हाळीकडं हवा. दर वैशाखात खाऱ्या मातीचा नवा हात द्यायचा. दोन वर्षं चुकलं की वर गवत उगवतं आणि मुळं थर फोडतात. म्हणजे बांधण्यापेक्षा राखणं अवघड, आणि राखायला गाव जागेवर लागतं. गाव उठलं की माळवदाचं काय होतं ते कादंबरीत वेगळं लिहायची गरज नाही.

श्रमदानाची वही कशी ठेवायची तेही सांगतो. घरटी पाळी लावायची, माणशी नव्हे. ज्याला यायला जमत नाही त्यानं गाडी द्यावी, गाडी नसेल त्यानं पाणी भरावं. वही चावडीत उघडी. काम अडतं ते आळशी माणसामुळं नाही, ‘त्याची पाळी झाली का’ हे न कळल्यामुळं.


करडई

विहिरीचा हिशोब मान्य. मालकीचाही. तरी दुष्काळाचा प्रश्न उरतोच. आणि गावाची नड सोडून मास्तरांची आवड उभी राहिली असा संशय मला अजून आहे.


संस्थानी

आवड मास्तरांची एकट्याची नव्हती, तिचा पत्ता औंधला आहे. आटपाडी भाग तेव्हा औंध संस्थानात होता. राजे भवानराव, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, व्यायामाचे कट्टर पुरस्कर्ते. संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. त्यामुळं तालीम म्हटल्यावर राजाचं लक्ष जाणार, हे त्या मुलखातल्या कोणालाही कळत होतं. वरच्याला काय भावतं ते ओळखून खालचं काम मांडणं, याला हवं तर चातुर्य म्हणा. आजचा सरपंच वेगळं काय करतो? योजना बघून प्रस्ताव लिहितो.

पंतांचा राजवाडा म्हणजे डामडौलाचा दरबार असं चित्र डोळ्यांपुढं आणू नका. १९३८-३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं त्यांनी राज्यकारभार लोकांच्या हाती देणारी घटना आणली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत १९३९ मधली. तिच्यावरून ‘दो आँखें बारह हाथ’ची गोष्ट सुचली, आणि ती लिहिणारे ग. दि. माडगूळकर म्हणजे व्यंकटेशरावांचे थोरले बंधू. औंध गाव सातारा जिल्ह्यात नि आटपाडी सांगलीत, यावरून गोंधळ होतो. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं.

वाचनकट्ट्याची सहल काढायची तर औंधचं संग्रहालय आणि आटपाडी-माडगूळ एका दिवसात होतं, पण उन्हाळ्यात नको. श्रावणात माळ हिरवा असतो, तेव्हाही नको, कादंबरी खोटी वाटायला लागते. मार्गशीर्ष बरा.


शाळूचं कणीस

चौथ्या बैठकीसाठी तिसरा रकाना. माणदेशात पावसाळा म्हणजे जून-जुलै नव्हे. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सह्याद्री ओलांडून येणारे ढग रिकामे असतात. भरवशाचा पाऊस परतीचा, उत्तरा-हस्ताचा, सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. मृगावर बाजरी पेरली आणि गेली, तरी माणूस हलत नाही, कारण शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, आशा हस्तावर असते. हस्त कोरडा गेला की मग दुष्काळ ठरतो. म्हणजे ठरेपर्यंत चार महिने घरातलं धान्य संपत आलेलं असतं. उशीर का करतात, याचं उत्तर या चार महिन्यांत आहे. मेंढका म्हणतात तो उशीरही तोच.

धान्यापेक्षा आधी संपतो कडबा. मोठ्या जनावराला दिवसाला सहा किलो सुका चारा. पेंढी दीड किलोची धरली तर चार पेंढ्या. बैलजोडीला आठ. दिवाळीपासून ज्येष्ठापर्यंत सात महिने, २१० दिवस, १,६८० पेंढ्या. बाजरीही नाही, शाळूही नाही, तर या आणायच्या कुठून? बैल विकला तर पुढच्या मृगात औताला काय? वाडीतल्या शेकूच्या बायकोनं बैलाशेजारी जू घेतलेला प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहतो. तो धीराचा प्रसंग म्हणून वाचतात. मी तो हिशोबाचा म्हणून वाचतो. एक बैल नसणं म्हणजे काय, ते यातून कळतं. उसनवारीचा बैल पेरणीच्या त्या चार दिवसांत कोणी देत नाही, कारण वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, सगळ्यांच्या रानात एकदमच येतो.

आता टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी उचलून आटपाडीकडं येतं, डाळिंबाच्या बागा दिसतात. म्हणून कादंबरी जुनी झाली असं म्हणणाऱ्यांनी जतच्या पूर्वेची गावं एप्रिलमध्ये बघावीत. पाटाचं पाणी पोचलेल्या गावातही प्रश्न तसाच आहे, रूप निराळं: बाग कर्जावर आहे, आणि पाण्याचं आवर्तन चुकलं तर आधी काय तोडायचं ते ठरवता येत नाही. मेंढका यांची विकायची क्रमवारी बागेलाही लावता येते. जुनी, रोग लागलेली झाडं आधी सोडा, टँकरचं पाणी तरण्या झाडांना.


खडूफळा

स्थलांतराचं लिहितो म्हटलं होतं. शाळा ओस पडते तेव्हा मास्तर काय करू शकतो? कादंबरीत फार काही नाही, आणि लेखकानं तिथं खोटी आशा घातली नाही हे मोठं. आज एक साधन आहे. कुटुंब निघायच्या आधी मुलाला शिक्षण हमी पत्र द्यायचं, म्हणजे पोचेल त्या गावच्या शाळेत दाखल्याशिवाय बसता येतं. फसतं ते दोन ठिकाणी. कुटुंब पहाटे निघतं आणि मास्तराला नऊ वाजता कळतं, म्हणून पत्रं दसऱ्यालाच तयार ठेवावीत. आणि पत्रावर मूल कुठवर शिकलंय हे लिहिलेलं नसतं, मग तिकडचा मास्तर त्याला मागच्या बाकावर बसवून ठेवतो. दोन ओळी पुरतात: ‘जोडाक्षरं वाचतो, हातच्याची वजाबाकी अडते.’ वाडा कोणत्या वाटेनं जाणार ते घरच्यांना विचारून मुक्कामाच्या गावांच्या शाळांना आधी फोन करावा. घरी आजी-आजोबा राहणार असतील तर हंगामी वसतिगृहाची सोय होते का तेही तेव्हाच बघावं.

करडई यांना एवढंच: मास्तर हरतो की जिंकतो हा प्रश्न मुलांना विचारू नका. दोन्ही बाजूंनी निबंधाची छापील वाक्यं येतात.


ग्रंथकपाट, सांगली

भर चांगली पडली. आठवी-नववीच्या मुलांबरोबर वाचणाऱ्यांनी खाजगीत विचारलंय, त्यांच्यासाठी इथंच.

गट बारा ते पंधराचा. त्याहून मोठा झाला की चारच जण बोलतात. तीन मुलांत एक प्रत पुरते, मोठ्यानं वाचायचं असल्यामुळं. एका बैठकीत वाचन चाळीस मिनिटं, कागद भरणं वीस, बोलणं तीस. बोलीतले संवाद माण-आटपाडी-जतच्या मुलाकडून वाचून घ्या. मिरजेतलं पोरगं तेच नाटकी करतं. ‘यातून तुम्ही काय शिकलात’ हा प्रश्न पूर्ण बंद. त्याऐवजी ‘मास्तर इथं पैसे घेण्याआधी कोणाला बोलवू शकला असता?’, ‘शेकूनं बैल मागायचा तर कोणाकडं, आणि तो का देणार नाही?’ असे विचारायचे. उत्तर पुस्तकातलं एक वाक्य दाखवून द्यायचं.

अमोल पालेकरांचा सिनेमा चारही बैठका झाल्यावर दाखवा. आधी दाखवला की मुलांना वाडी दिसते ती पडद्यावरची, आणि नकाशा काढायला सांगितलं तर कॅमेऱ्याच्या कोनातून काढतात. वाडीचा नकाशा मात्र काढाच: चावडी, कारभाऱ्याचं घर, तालीम, तालुक्याची वाट. पुस्तकात पत्ता लागत नसेल तिथं प्रश्नचिन्ह टाकायचं, मनानं भरायचं नाही.

पुस्तकं कमी पडली तर गावच्या ‘ब’ किंवा ‘क’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात आधी विचारा, ही कादंबरी बहुतेक ठिकाणी असते. पानं सुटलेली प्रत असेल तर फेव्हिकॉलऐवजी मैद्याची खळ लावा, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी आहे, ते काम मुलांकडं नको.


जतचा मेंढका

पोरास्नी प्रश्न इचारणार असशीला तर एक माझा घाला. शेवटाला वाडीत कोण राहिलं आणि त्ये का गेलं न्हाई? आमच्याकडं ह्याचं उत्तर घरटी येगळं येतंय.


करडई

हा प्रश्न घेतो मी. आणि तालमीवर वेगळा धागा काढतो, माळवद यांनी हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याच्या, मातीचं लिहावं: लाल माती किती चाळायची, हळद, तेल, ताक, लिंबू, कापूर कधी घालायचं. कुंडलच्या कुस्ती-मैदानाकडची माणसंही येतील.